टाकीचे घाव आणि भिरकावलेले धोंडे

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणे वापरली जाते की ती मुळात दगडाविषयी आहे, माणसाविषयी नाही, याचा आपल्याला विसर पडला आहे. परीक्षेत गुण कमी पडलेला मुलगा, परगावच्या वसतिगृहात राहून वाळलेला भाचा, पहिल्या नोकरीत वरिष्ठांची बोलणी खाणारी मुलगी, या सर्वांच्या पाठीवरून हात फिरवताना आपण हीच म्हण ऐकवतो. म्हण खोटी नाही. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. टाकी मूर्तिकाराच्या हातात असते. घाव कोठे घालायचा, किती जोराने घालायचा, हे त्याला ठाऊक असते, आणि त्या घावातून नाकडोळे उमटावेत अशी त्याची इच्छा असते. वाटेने जाणाऱ्या कोणी त्याच दगडावर एखादा धोंडा भिरकावला, तर त्याने देवपण येत नाही. टवका तेवढा उडतो.

हा फरक माझ्या मनात पक्का झाला तो गेल्या काही महिन्यांतील वाचनाने. वैद्यकी शिकायला गेलेल्या, पण जेथे शिकल्या तेथल्या बहुसंख्य समाजाहून वेगळ्या वंशाच्या मंडळींविषयीची काही पुस्तके मी ओळीने वाचली. शिकता शिकता त्यांना कोणता आकस भोगावा लागला आणि त्याला ती कशी पुरून उरली, हा या सर्व पुस्तकांचा समान विषय. दिवाळीच्या फराळाशेजारी असा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज आपल्या दोन घरांआड एका घरात वैद्यकीला गेलेले किंवा जाऊ पाहणारे मूल आहे, आणि त्यांतली कितीतरी परदेशी जातात. तेव्हा हा विषय पाहुण्याचा नाही, घरचाच आहे.

या पुस्तकांविषयी माझी तक्रार एकच आहे. टाकीचा घाव कोणता आणि भिरकावलेला धोंडा कोणता, हे त्यांतली बरीचशी निवडून दाखवीत नाहीत. रात्रपाळी, मृतदेहाचे विच्छेदन, चुकलेल्या निदानाबद्दल बसलेली बोलणी हेही ‘सोसणे’, आणि कातडीच्या रंगावरून झालेली हेटाळणी हेही ‘सोसणे’! दोन्ही एकाच तराजूत घालून शेवटी विजयाचा फुलोरा चढवला जातो. वाचकाला वाटते, हे सर्व झाले म्हणूनच हा माणूस मोठा झाला. हा समज घातक आहे, आणि त्याचे मूळ लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

आरंभ आपल्या आनंदीबाईंपासूनच करतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ साली, कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. आणि १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली. ही कथा ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा.

पण ती आपल्याला ठाऊक आहे ती कशी? तपश्चर्या म्हणून. थंडी, आजारपण, शाकाहारी जेवणाची आबाळ, नवऱ्याची कडक पत्रे, अभ्यासाचे डोंगर, सगळे एका होमात घातले की शेवटची आहुती म्हणून मृत्यू शोभून दिसतो. जोशांच्या कादंबरीची थोरवी पतिपत्नींच्या नात्याच्या चित्रणात आहे, आणि ती मी मनापासून मानतो; परंतु त्या नात्याच्या प्रखर उजेडात फिलाडेल्फियाची विद्यार्थिनी अंधुक होते, हेही खरे. वर्गात शेजारी कोण बसे, शंका विचारताना जीभ अडखळे का, इतर मुली तिच्याकडे मैत्रीण म्हणून पाहत की नवलाची वस्तू म्हणून, हे प्रश्न आपल्याला पडतच नाहीत.

जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली या दोघींसह आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या आनंदीबाईंचे १८८५ सालचे छायाचित्र आपण शेकडो वेळा पाहिले आहे. ते सुंदर आहे. पण जरा वेळ त्याच्याकडे टक लावून पाहिले की जाणवते, या तिघी येथे विद्यार्थिनी म्हणून बसलेल्या नाहीत; तीन देशांचे नमुने म्हणून बसलेल्या आहेत. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली आनंदीबाईंवर माया करीत, यात शंका नाही. तरीही ज्या समाजाने त्यांना जवळ केले त्याच्या मनात, ही मुलगी एक दिवस ख्रिस्ती होईल, ही आशा पुष्कळ ठिकाणी होतीच. प्रयाणापूर्वी सेरामपूर कॉलेजात केलेल्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी जाहीर केले होते. म्हणजे शरीरशास्त्राच्या अभ्यासाखेरीज आपण कोण आहोत हे रोज सांभाळण्याचा आणखी एक अभ्यास त्यांच्या माथी होता. आकस नेहमी शिवी होऊनच येतो असे नाही. कधी कधी तो कौतुकाचा शेला पांघरून येतो, आणि शेला अंगावर घेऊन तासन् तास बसावे लागले म्हणजे त्याचेही ओझे होते.

मग त्या तगल्या कशा? एक वाट त्यांनी अशी काढली की, जेथे वाकता येईल तेथे त्या वाकल्या: नऊवारीत पोटऱ्या गारठतात म्हणून गुजराती पद्धतीने पातळ नेसू लागल्या. जेथे वाकायचे नाही तेथे वाकल्या नाहीत: धर्म आणि आहार सोडला नाही. आणि त्यांना रोझेल गावचे कार्पेंटर कुटुंब लाभले. थिओडिशिया कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानीत. परक्या मुलखात जेथे नमुना म्हणून बसावे लागत नाही असे एक घर असणे, ही त्या सर्व कथेतली सर्वांत औषधी गोष्ट आहे. पण आपल्या मराठी कल्पनेत कार्पेंटरबाई एका ओळीत उरकतात आणि थंडीला प्रकरणे मिळतात.

आता माझ्या मते या विषयावरचे सर्वांत वाचनीय पुस्तक घेतो. डेमन ट्वीडी या कृष्णवर्णी अमेरिकन डॉक्टरांचे ‘ब्लॅक मॅन इन अ व्हाइट कोट’ हे आत्मकथन २०१५ साली प्रसिद्ध झाले. ट्वीडी हे कष्टकरी कुटुंबातले. वडील किराणा दुकानात मांस कापण्याचे काम करीत. १९९६ साली ते शिष्यवृत्तीवर ड्यूक विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेले. हे ड्यूक नॉर्थ कॅरोलिनात, म्हणजे एके काळच्या गुलामगिरीच्या मुलखात. १९३० साली तेथले रुग्णालय उघडले तेव्हा गोऱ्यांचे आणि काळ्यांचे कक्ष वेगळे होते. वैद्यकशाखेत पहिला काळा विद्यार्थी बसला तो १९६३ साली. सबंध देशाची स्थिती फारशी निराळी नव्हती. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाच्या सुमारास काळ्यांसाठी सात वैद्यक विद्यालये होती. त्यानंतर काही वर्षांतच त्यांतली पाच बंद पडून हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली.

पहिल्या वर्षाच्या आरंभीच घडलेला एक प्रसंग ट्वीडी सांगतात. व्याख्यानाच्या मधल्या सुटीत प्राध्यापक त्यांच्याजवळ आले आणि दिवे दुरुस्त करायला आलात काय, असे त्यांना विचारले. मी आपल्याच वर्गातला विद्यार्थी आहे, असे ट्वीडींनी सांगितले. पुढे ते त्या विषयाच्या अभ्यासाला असे जुंपले की परीक्षेत वरच्या गुणांत आले, आणि त्याच प्राध्यापकांनी त्यांना आपल्याकडे संशोधनाला बोलावले. ट्वीडींनी नम्रपणे नकार दिला.

उतावळा वाचक येथे टाळी वाजवील. पाहा, अपमान झाला म्हणून तर मुलगा ईर्ष्येने अभ्यासाला लागला! टाकीचा घाव! मला मात्र या प्रसंगाचा कळस गुणांत दिसत नाही, त्या नकारात दिसतो. वैद्यकी ही पुस्तकातून अर्धी आणि माणसाकडून अर्धी शिकायची विद्या आहे. ज्याने दुखावले आणि ज्याच्याकडून शिकता आले असते, ते दोघे एकच निघाले. गुण मिळाले, गुरू गेला. हा हिशेब ट्वीडी स्वतः मोठ्याने मांडीत नाहीत, पण प्रसंग इतक्या प्रामाणिकपणे सांगतात की तो आपल्याला मांडता येतो. चांगल्या आत्मकथनाची ही खूण आहे.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. वर्गात एकामागून एक रोग शिकवले जात, आणि हा रोग काळ्यांत अधिक आढळतो, हे पालुपद पुनःपुन्हा कानावर येई. गोऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती वहीत उतरून घ्यायची एक ओळ. ट्वीडींच्या दृष्टीने ती आपल्या आईवडिलांची, मावशीमामांची यादी. त्यातच विद्यार्थिदशेत त्यांना स्वतःला रक्तदाबाचा विकार असल्याचे आढळले. वर्गात ते एकाच वेळी विद्यार्थीही होते आणि उदाहरणही. ही दुहेरी बैठक किती थकवणारी असेल, याची कल्पना पूर्वी मला कोणत्याही ग्रंथाने दिली नव्हती.

पुढे काळा डॉक्टर नको म्हणणारा एक वृद्ध गोरा रुग्ण त्यांच्या वाट्याला येतो. ट्वीडी त्याला सोडीत नाहीत, अधिकच काळजीने पाहतात, आणि हळूहळू त्या घरच्या मंडळींचे वागणे बदलते. दुसऱ्या एका प्रसंगी ते स्वतःच दुखरा गुडघा घेऊन साध्या कपड्यांत दवाखान्यात जातात. डॉक्टर त्यांच्याकडे धड पाहतही नाही, गुडघ्याला हात लावीत नाही. आणि आपण डॉक्टर आहोत असे सांगताच त्याच डॉक्टरचा सूर पालटतो. हा दुसरा प्रसंग मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पांढरा कोट घालून आपण सुटलो, पण कोट नसलेल्यांचे काय, हा प्रश्न तेथे उभा राहतो आणि लेखक त्याला चुकवीत नाही.

पुस्तकाचा दोषही येथेच सांगायला हवा. जवळजवळ प्रत्येक प्रकरण समेटावर संपते. कटू प्रसंग, मग विचार, मग थोडी समजूत, आणि शेवटी दोन्ही बाजूंना काहीतरी उमगले असा गोड घास. एकदोनदा हे पटते. आठव्यांदा शंका येते की लेखक वाचकाला सांभाळून घेत आहे. ज्याला शिकताना आयुष्यभर दुसऱ्याची मर्जी सांभाळावी लागली, त्याची लेखणीही तीच सवय घेऊन कागदावर उतरते की काय? तसे असेल तर तो लेखनदोष नसून जुन्या जखमेचा वण आहे, आणि त्या दृष्टीने तो अधिकच बोलका आहे.

आता विलायतेकडे वळतो, कारण आपली मुले तिकडेच अधिक जातात. तेथली सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली, आणि पुढच्या दशकांत भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी तिचा मोठा भार उचलला. ज्युलियन सिम्पसन या इतिहासकाराचे २०१८ साली आलेले ‘मायग्रंट आर्किटेक्ट्स ऑफ द एनएचएस’ हे पुस्तक त्यांच्या मुलाखतींवर आधारलेले आहे. नावाजलेल्या शाखांची दारे बंद दिसू लागली की ही मंडळी वृद्धांच्या किंवा मनोरुग्णांच्या सेवेकडे, नाहीतर खाणकामगारांच्या आणि गरिबांच्या वस्त्यांत घरोघरच्या डॉक्टरकीकडे वळली. सिम्पसन त्यांची कीव करीत नाहीत. या डॉक्टरांनी ती व्यवस्था उभारली असे ठासून सांगतात. हे योग्यच. पण उरलेल्या वाटेवर त्यांनी सुंदर बाग लावली, म्हणून हवी असलेली वाट बंद करणाऱ्याचे आभार मानायचे नसतात, एवढे भान वाचकाने ठेवावे.

वाट बंद कशी होत असे? लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यक विद्यालयात १९७९ पासून अर्जांची पहिली चाळणी लावण्यासाठी संगणकाची आज्ञावली तयार करण्यात आली. पूर्वी माणसे जशी निवड करीत तशीच निवड तिने करावी, अशी तिची घडण होती. ती हुबेहूब तशी निवड करू लागली: युरोपीय न वाटणारे नाव दिसले की गुण कापी, आणि स्त्री दिसली तरी कापी. तेथल्याच दोन अध्यापकांनी हे उजेडात आणले आणि १९८८ साली वांशिक समतेच्या आयोगाने त्यावर ठपका ठेवला. ते यंत्र दुष्ट नव्हते. ते चांगले विद्यार्थी होते. जे शिकवले ते शिकले. पुढे १९९३ साली दोन डॉक्टरांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज इंग्रजी आणि आशियाई नावांनी रुग्णालयांकडे धाडून पाहिले, तेव्हा इंग्रजी नावांना मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दुप्पट निघाली.

आणि आत शिरल्यावर? २००८ साली लंडनच्या एका विद्यापीठातील पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. आशियाई विद्यार्थी म्हटला की तो पुस्तकी, अबोल, रुग्णाशी बोलण्यात कच्चा आणि आईबापांच्या हट्टापायी आलेला, असे एक ठरीव चित्र शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्याही मनात असल्याचे तीत दिसले. रुग्णाच्या खाटेभोवती उभ्या असलेल्या घोळक्यात अशा चित्राचे काय होत असेल ते पाहा. हा बोलणार नाही असे शिक्षकाला वाटते, म्हणून तो दुसऱ्याला विचारतो. याला बोलायची संधी येत नाही, म्हणून जीभ सरावत नाही. वर्षअखेर तो खरोखरच कमी बोलतो आणि चित्र खरे ठरते. येथे शिवी नाही, अपमान नाही, कोणाचा वाईट हेतूही नाही. तरी एका मुलाचे शिक्षण घोटाघोटाने कमी झाले.

माझा एक पुतण्या तिकडे शिकाऊ डॉक्टर आहे. मागे फोनवर तो म्हणाला, “काका, इथे माझं नाव कोणाला घेता येत नाही. त्यांनी एक छोटं नाव ठेवलंय. आता मीच तेवढं सांगतो, वेळ वाचतो.” तो हसला, म्हणून मीही हसलो. पण कोणाचा वेळ वाचतो, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. नाव आखूड करणे, थट्टेत आधी आपणच हसणे, दुप्पट अभ्यास करणे, तक्रार केली तर चिडखोर ठरू म्हणून गप्प बसणे: आकसाला पुरून उरण्याचे हे उपाय सर्व पुस्तकांत येतात आणि सर्व उपयोगी आहेत. परंतु प्रत्येकाची किंमत त्याच तिजोरीतून जाते, ज्यातून शिकण्याची शक्ती यायची असते.

याहून निराळा असा एकच उपाय मला आढळला. त्याच सेंट जॉर्जेसमध्ये मलोनी मुकवेंडे या कृष्णवर्णी विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की पुरळ, लाली, निळसरपणा अशी कातडीवरची लक्षणे शिकवताना चित्रे गोऱ्या कातडीचीच दाखवतात. गडद वर्णावर तेच लक्षण कसे दिसेल, हे कोणी सांगत नाही. त्याने ते विचारले, आणि दोघा अध्यापकांना बरोबर घेऊन २०२० साली ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका सिद्ध केली. गोऱ्या कातडीवर जी लाली उठून दिसते ती सावळ्या कातडीवर चटकन ओळखू येत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही अनुभवी डॉक्टरला ठाऊक असते. पण ठाऊक असणे आणि पुस्तकात येणे यांत अंतर आहे. या प्रसंगाचे मोल पुस्तिकेइतकेच त्या दोन अध्यापकांत आहे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, शिक्षक त्याच्या बाजूला येऊन बसले, आणि ज्याची उणीव विद्यार्थ्याला बोचत होती ती उणीव अभ्यासक्रमाची ठरली. सोसण्याचे काम एकट्याकडून काढून घेतले की त्यातून विद्या निपजते, याचे हे उदाहरण.

परदेशच्या या कथा वाचून मान डोलावणे सोपे असते. म्हणून एक घरचा कागद येथे ठेवतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी २००६ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपल्या विदर्भातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात. २००७ च्या तिच्या अहवालात विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत: शिक्षकांचा दुरावा, तोंडी परीक्षेतला वेगळा सूर, वसतिगृहात एकीकडे ढकलले जाणे. रंग सारखा, भाषा सारखी, तरी धोंडे तेच. ट्वीडींच्या पुस्तकाला ज्याचे डोळे पाणावतात त्याने हा अहवालही वाचावा. साहित्य म्हणून तो रुक्ष आहे, पण समेटाचा गोड घास त्यात कोठेही नाही.

मग टाकी आणि धोंडा ओळखायचे कसे? माझी कसोटी साधी आहे. बोल चुकीवर बसला की माणसावर? निदान चुकले म्हणून वरिष्ठ रागावला तर दुसऱ्या दिवशी निदान सुधारते. नाव, वर्ण, जात यांवरून बोल बसला तर सुधारायचे काय? पहिल्या घावानंतर हाती ज्ञान उरते, दुसऱ्यानंतर केवळ सावधपणा उरतो. चरित्रकारांनी, कादंबरीकारांनी आणि आत्मकथन लिहिणाऱ्या डॉक्टरांनी या दोन हिशेबांची पाने वेगळी ठेवावीत, एवढीच माझी मागणी आहे. तशी ती ठेवली तर आनंदीबाई लहान होणार नाहीत. उलट, जे ओझे वाहण्याचे काहीच कारण नव्हते ते वाहूनही त्या मुलीने केवढा अभ्यास केला, हे प्रथमच स्वच्छ दिसेल.

आणि वाचकांकडेही एक मागणे आहे. यंदा दिवाळीत दूरदेशी किंवा दूरगावी शिकणाऱ्या मुलाचा फोन येईल, तेव्हा ‘सगळं सोस हो, पुढे चांगलं होईल’ हे वाक्य थोडे मागे ठेवावे. तिकडे तुला शिकवतात ना, प्रश्न विचारतात ना, तुझे पुरे नाव घेतात ना, हे आधी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.